एकशे आठ वर्षांनंतरचा शुक्रवार

शिकागोच्या उत्तर भागात राहणाऱ्या माणसाला सामन्याचा निकाल कोणाला विचारावा लागत नाही. रेड लाईनची गाडी अॅडिसन स्टेशनात शिरली की खिडकीतून रिग्ली फील्ड दिसतं. तिथल्या जुन्या धावफलकावर सामन्यानंतर एक झेंडा चढतो. पांढऱ्या कापडावर निळं ‘डब्ल्यू’ असेल तर घरचा संघ, म्हणजे शिकागो कब्स, जिंकला. निळ्या कापडावर पांढरं ‘एल’ असेल तर हरला. आमच्या लहानपणी गाडीतल्या लोकांचे चेहरे त्या झेंड्याप्रमाणे बदलायचे, आणि बऱ्याच संध्याकाळी ते उतरलेलेच असायचे.

आम्ही तिघं भावंडं याच शहरात जन्मलो. अब्बा १९७१ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या गावाहून मुंबईमार्गे इथे आले, अम्मी त्यानंतर तीन वर्षांनी आली. घर डेव्हन अॅव्हेन्यूजवळ. या रस्त्याच्या एका तुकड्याला गांधी मार्ग म्हणतात, दुसऱ्याला मोहम्मद अली जीना वे. दोन्हीकडे मसाल्यांची, साड्यांची, मिठाईची दुकानं आहेत. घरात आम्ही अम्मीशी मराठीत बोलतो, आपसात इंग्रजीत भांडतो. ‘तुमचं गाव कोणतं?’ असं कोणी विचारलं की मात्र तिघंही अडखळायचो. त्या प्रश्नाचं उत्तर आम्हाला २०१६ च्या नोव्हेंबरात, तीन दिवसांत मिळालं. त्या तीन दिवसांची ही हकिकत.

क्रिकेट जाणणाऱ्याला बेसबॉल समजायला फार वेळ लागत नाही. नऊ डाव. प्रत्येक डावात तीन गडी बाद झाले की बाजू बदलते. चेंडू मारायचा आणि तीन टप्पे गाठत चौथ्यावर, म्हणजे घरी, परत यायचं. मग एक धाव. बरोबरी झाली तर निकाल लागेपर्यंत जादा डाव. एका मोसमात प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो आणि शेवटी दोन संघ सात सामन्यांच्या मालिकेला उभे राहतात. तिला ‘वर्ल्ड सिरीज’ म्हणतात, जगातल्या इतर देशांना कोणी बोलावत नसलं तरी! कब्सनी ती १९०८ साली जिंकली होती. त्यानंतर कधीच नाही. १९४५ नंतर तर ते त्या मालिकेपर्यंतही पोहोचले नव्हते.

या अपयशाला शहराने एक कारण शोधून ठेवलं होतं : बकरी. १९४५ च्या मालिकेत बिली सियानिस नावाचा एक टॅव्हर्नवाला आपली बकरी घेऊन सामन्याला आला. बकरीचंही तिकीट काढलं होतं म्हणतात. पण तिला बाहेर काढलं गेलं, आणि चिडून त्याने शाप दिला की इथे पुन्हा वर्ल्ड सिरीज होणार नाही. शिकलेसवरलेले लोकसुद्धा ही गोष्ट अर्ध्या विश्वासाने सांगायचे. डेव्हनवर आम्ही जिथून मटण आणतो तो दुकानदार म्हणायचा, “माझ्या दुकानात तर रोज बकऱ्या येतात, मला कोणी शाप दिला नाही.” अब्बांचं म्हणणं त्याहून सरळ होतं : “शाप कसला? यांच्याकडे चेंडू टाकणारा चांगला नाही, एवढंच.”

अब्बा या खेळात अडकले ते रात्रपाळीमुळे. ते कारखान्यात रात्री कामाला जायचे, सकाळी येऊन झोपायचे आणि दुपारी उठायचे. त्या काळी रिग्ली फील्डवर दिवेच नव्हते. देशातली बाकी मोठी मैदानं केव्हाच रात्री खेळू लागली होती, इथे १९८८ च्या ऑगस्टपर्यंत घरचा प्रत्येक सामना उन्हात झाला. म्हणजे अब्बांनी उठून जोहरची नमाज पढावी, अम्मीने जेवण वाढावं आणि नऊ नंबरच्या चॅनलवर सामना सुरू व्हावा, असं वेळापत्रक आपोआप जमलं. दिवसपाळीवाल्यांना जे मिळत नव्हतं ते या माणसाला फुकट मिळालं. ते इंग्रजी बोलायला शिकले ते समालोचकांकडून. त्यामुळे डॉक्टरशी बोलतानाही त्यांच्या बोलण्यात बेसबॉलचे शब्द यायचे.

वर्षातून एकदा ते आम्हाला मैदानावर न्यायचे. बाहेरचं खाणं आत नेता यायचं, म्हणून अम्मी चपातीत ऑम्लेट गुंडाळून द्यायची. तिथल्या हॉट डॉगचा वास आम्ही हावऱ्यासारखा घ्यायचो, खायचो मात्र आमचंच. ज्या बाजूला बिअरचा जोर असायचा ती टाळून अब्बा वरच्या मजल्यावरची स्वस्त जागा धरायचे. तिथून विटांच्या भिंतीवर चढलेली हिरवी वेल दिसायची आणि धावफलकामागे आकडे हाताने बदलणारी माणसं. हरून परतताना अब्बा म्हणायचे, “पुढच्या वर्षी, इन्शाअल्लाह.”

दोनदा संघ अगदी जवळ आला. १९८४ साली वर्ल्ड सिरीजच्या एक पायरी अलीकडे पाचपैकी पहिले दोन सामने जिंकले आणि पुढचे तिन्ही हरले. २००३ साली फक्त पाच बळी हवे होते, तीन धावांची आघाडी होती. सीमेकडे आलेल्या उंच चेंडूला एका प्रेक्षकाने हात लावला, झेल हुकला, आणि त्याच डावात समोरच्यांनी आठ धावा केल्या. सगळं शहर त्या एका तरुणावर तुटून पडलं. त्याला पहाऱ्यात मैदानाबाहेर काढावं लागलं. त्या रात्री अब्बा टीव्हीसमोर चिडले होते, पण संघावर नाही. “त्या पोराने एक चेंडू धरला. आठ धावा काय त्याने दिल्या? हजारो माणसं आणि दोष एकाच्या माथी!” हे वाक्य आम्ही विसरलो नाही. २००१ च्या सप्टेंबरनंतर एकाच्या कामाचा दोष दुसऱ्याच्या माथी येणं म्हणजे काय, ते आमच्या घराला कळलेलं होतं. पुढे २०१७ साली संघाने त्या प्रेक्षकाला विजेत्यांची अंगठी दिली. अब्बा असते तर म्हणाले असते, उशीर केलात.

२०११ च्या अखेरीस थिओ एप्स्टाईन या माणसाच्या हाती संघाचा कारभार आला. बोस्टनचा ८६ वर्षांचा दुष्काळ त्याच्या कारकिर्दीत संपला होता. अब्बांनी बातमी वाचून एवढंच म्हटलं, “पाच वर्षांचा करार आहे ना? मग पाच वर्षं थांबा.” पुढच्याच मोसमात संघ १०१ सामने हरला. तो मोसम संपल्यावर काही आठवड्यांनी अब्बा गेले. त्यांनी पाहिलेला शेवटचा मोसम तो. त्यानंतर आमच्या घरात दुपारी टीव्ही लागला नाही.

आणि मग २०१६ उजाडलं. कब्स वर्ल्ड सिरीजला पोहोचले. समोर क्लीव्हलंड, त्यांनीही १९४८ नंतर काही जिंकलं नव्हतं. चार सामन्यांनंतर आपण १-३ असे मागे होतो. पुढचे दोन जिंकून बरोबरी झाली. सातवा सामना बुधवारी, २ नोव्हेंबरच्या रात्री, क्लीव्हलंडच्या मैदानावर.

आम्ही तिघं न ठरवता अम्मीकडे जमलो. ती स्वयंपाकघरात होती; “तुमचं चालू द्या,” म्हणाली. आठव्या डावात ६-३ अशी आघाडी होती. आमच्यातल्या मधल्याने अब्बांची टोपी डोक्यावर चढवली. तेवढ्यात क्लीव्हलंडच्या राजाय डेव्हिसने चेंडू कुंपणापार धाडला आणि ६-६ झाले. घरात शांतता. नऊ डाव संपले आणि पाऊस आला. खेळ सतरा मिनिटं थांबला. तेवढ्यात अम्मी उठून इशाची नमाज पढायला गेली. पाऊस थांबला तेव्हा ती जानमाजवरून उठत होती. आम्ही तिच्याकडे पाहिलं तशी म्हणाली, “माझ्याकडे काय बघता? खेळासाठी मी दुआ मागत नसते.” मग खुर्ची ओढून पहिल्यांदाच समोर बसली.

दहाव्या डावात बेन झोब्रिस्टने फटका मारला, दोन धावा झाल्या. क्लीव्हलंडला एकच काढता आली. शेवटचा चेंडू जमिनीवरून घरंगळत क्रिस ब्रायंटकडे गेला, त्याने तो अँथनी रिझोकडे फेकला. ८-७. मध्यरात्र व्हायला थोडाच अवकाश होता. बाहेर गाड्यांचे भोंगे, भांड्यांचा आवाज, कोणीतरी रस्त्यावर रडत ओरडतंय. आम्ही तिघं उभे होतो आणि कोणालाच ओरडता येत नव्हतं. अम्मी म्हणाली, “पाच वर्षं म्हणाले होते ना ते.” आम्ही बोटांवर मोजलं. बरोबर पाच.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, कळलं की लोक रिग्ली फील्डच्या बाहेरच्या भिंतीवर खडूने नावं लिहीत आहेत. गेलेल्या माणसांची नावं. ज्यांनी आयुष्यभर वाट पाहिली आणि ज्यांना हे दिसलं नाही, त्यांची. एक माणूस तर नॉर्थ कॅरोलिनाहून गाडी चालवत इंडियानात गेला होता आणि सातवा सामना त्याने वडिलांच्या कबरीपाशी बसून रेडिओवर ऐकला होता; ही बातमी आम्ही अम्मीला वाचून दाखवली. ती काही वेळ गप्प बसली, मग म्हणाली, “मला तिथे घेऊन चला. त्या भिंतीपाशी.”

आमच्या थोरल्या बहिणीला ते पटलं नाही. तिचं म्हणणं होतं, “आपल्यात असं नावं लिहायची पद्धत आहे का? मरहूमसाठी दुआ करावी, भिंती कशाला रंगवायच्या?” अम्मी शांतपणे म्हणाली, “दुआ मी रोज करते. भिंत बघायला जायला काय हरकत आहे?” त्यावर कोणी बोललं नाही.

दुपारी आम्ही अॅडिसनला उतरलो. वेव्हलँड आणि शेफील्ड या दोन रस्त्यांना लागून मैदानाची विटांची भिंत आहे. हात पोहोचेल तिथपर्यंत एक वीट मोकळी नव्हती. पांढरा, निळा, गुलाबी, पिवळा खडू. कोणी फक्त ‘डॅड’ लिहिलेलं. कोणी आजीचं नाव आणि जन्म-मृत्यूची सालं. कोणी वडील, आजोबा आणि पणजोबा, एकाखाली एक. काही लोक घरून शिडी घेऊन आले होते. एवढी गर्दी असून बोलणं हळू होतं. लोक लिहायचे, दोन पावलं मागे सरायचे, फोटो काढायचे आणि डोळे पुसायचे. जत्रेच्या दारात कब्रस्तान असावं तसं ते वाटलं. आणि तरीही कोणी दुःखी नव्हतं.

अम्मीला गुडघ्याचा त्रास आहे. आम्ही घडीचं स्टूल नेलं होतं. ती बसली आणि म्हणाली, “वाचा मला.” आम्ही आळीपाळीने वाचत गेलो. पोलिश नावं, आयरिश नावं, मेक्सिकन नावं. मागे कोणाची तरी आई, कोणाचा तरी भाऊ. वाचता वाचता आमची थोरली थांबली. तिचा आवाज बसला होता. तिनेच रस्त्यावरून पडलेला खडूचा तुकडा उचलून अम्मीच्या हातात दिला.

अम्मी उठली. खाली, गुडघ्याच्या उंचीवर, दोन विटा मोकळ्या होत्या. तिने आधी देवनागरीची आडवी रेघ ओढली, शाळेत शिकवतात तशी सरळ, आणि त्याखाली अब्बांचं पूर्ण नाव लिहिलं. खालच्या विटेवर गावाचं नाव. शेजारी एक वयस्क गोरे गृहस्थ आपल्या आईचं नाव गिरवत होते. त्यांनी अदबीने विचारलं, काय लिहिलंय? अम्मीने आमच्याकडे बघून हाताने खूण केली, तुम्ही सांगा. त्या गृहस्थांना वाटलं, हिला इंग्रजी येत नाही. आम्हाला कारण ठाऊक होतं. आमच्या कोकणातल्या जुन्या रीतीप्रमाणे अम्मीने उभ्या आयुष्यात अब्बांचं नाव तोंडाने घेतलेलं नाही. अर्जावर लिहिलं असेल, पण उच्चारलं कधीच नाही. आम्ही नाव सांगितलं, गाव सांगितलं, रात्रपाळीचं सांगितलं. ते गृहस्थ हसले. त्यांची आईही पाळीवर काम करायची, म्हणाले. त्यांनी आपला निळा खडू पुढे केला. अम्मीने तो घेतला आणि गावाच्या नावाशेजारी, जागा होती तेवढ्यात, एकच शब्द जोडला : “जिंकले.”

शुक्रवारी, ४ नोव्हेंबरला, मिरवणूक होती. जावं की नाही यावर घरात पुन्हा चर्चा झाली. राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक चार दिवसांवर होती. वर्षभर टीव्हीवर मुसलमानांना देशात येऊ द्यावं की नाही यावर वाद चालला होता. आमची थोरली डोक्यावर ओढणी घेते. लाखोंच्या गर्दीत, त्यातले कित्येक प्यायलेले, तिने जावं का? शेवटी तीच म्हणाली, “माझंच शहर आहे. मी घरी का बसू?” तिने निळी ओढणी घेतली.

लोयोला स्टेशनवर दोन गाड्या सोडून तिसरीत कसाबसा शिरकाव झाला. लोक एकमेकांना अनोळखी असून जुन्या ओळखीचे असल्यासारखे बोलत होते. ग्रँडला उतरून आम्ही स्टेट स्ट्रीटचा पूल चालत पार केला. शिकागोची नदी सेंट पॅट्रिकच्या सणाला हिरवी रंगवतात, १९६२ पासूनची प्रथा आहे. त्या दिवशी ती निळी केली होती. खोटा, भडक, लहान मुलाने रंगवावा तसा निळा. आम्ही कठड्याला टेकून बराच वेळ ते पाणी पाहत राहिलो.

मिशिगन अॅव्हेन्यूवर जागा अशी नव्हतीच. माणसं दिव्याच्या खांबांवर, झाडांवर, कचऱ्याच्या पेट्यांवर चढली होती. शहराच्या अधिकाऱ्यांनी नंतर पन्नास लाखांचा आकडा सांगितला. मोजले कोणी, हा प्रश्न विचारता येईल. पण त्या गर्दीत उभ्या असलेल्या माणसाला तो आकडा कमीच वाटला असता. उघड्या दुमजली बसगाड्यांतून खेळाडू गेले. रिझो दिसला, ब्रायंट दिसला. दोन-तीन मिनिटांत सगळं पुढे सरकलं. शेजारच्या बाईने आपलं मूल नीट दिसावं म्हणून आमच्या मधल्याच्या खांद्यावर बसवलं, नावही न विचारता. आमच्या थोरलीला कोणी काही बोललं नाही. कोणी वळूनही पाहिलं नाही. एवढी काळजी करून आलो होतो, आणि काहीच घडलं नाही. ते काहीच न घडणं आम्हाला त्या दिवशी फार मोठं वाटलं.

साडेबाराच्या सुमाराला आम्ही गर्दीतून मागे सरलो. ग्रँट पार्कमध्ये सभा होती, पण जुम्याची वेळ होत आली होती. स्टेट स्ट्रीटवर, दुकानांच्या आणि कचेऱ्यांच्या मधल्या एका इमारतीत मशीद आहे. एरवी तिथे आसपासच्या कचेऱ्यांतले लोक, टॅक्सीवाले आणि विद्यार्थी येतात. त्या दिवशी चपलांच्या कप्प्यांत बुटांवर निळ्या टोप्या ठेवलेल्या होत्या. काहींनी खेळाडूंच्या नावाचे सदरे घातले होते. सफीत आमच्या पुढे उभ्या असलेल्या पोराच्या पाठीवर ४४ आकडा होता, रिझोचा. सजद्यात असताना रस्त्यावरचा जल्लोष भिंतीतून ऐकू येत होता. आम्हाला तो खटकला नाही. सलाम फिरवल्यावर शेजारच्या सोमाली टॅक्सीवाल्याने हात मिळवला आणि “मुबारक” म्हणाला. कशाची, हे त्याने सांगितलं नाही. तो जुमाही होता आणि विजयही.

संध्याकाळी घरी परतून टीव्हीवर राहिलेली सभा पाहिली. शेवटच्या बळीचा चेंडू रिझोने खिशात जपून ठेवला होता. तो त्याने व्यासपीठावर संघाच्या मालकाच्या हाती दिला. अम्मीने विचारलं, “एवढ्या चेंडूचं काय करणार ते?” धाकटी म्हणाली, “जपून ठेवतील.” अम्मी म्हणाली, “मग ठीक आहे.”

पुढचा मंगळवार आला, निवडणुकीचा निकाल लागला, आणि आमच्या काळज्या काही कमी झाल्या नाहीत. एका मिरवणुकीने शहरातली भांडणं मिटत नाहीत. खडू तर खडूच. तो फार काळ टिकणार नव्हता आणि टिकला नाही. पण आता कोणी ‘तुमचं गाव कोणतं?’ असं विचारलं की आम्ही अडखळत नाही. अब्बांचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, आमचं शिकागो. ही दोन्ही नावं एका भिंतीवर काही दिवस एकत्र होती, आणि ती अम्मीने स्वतःच्या हाताने लिहिली होती.

त्यानंतरच्या एप्रिलमध्ये नवा मोसम सुरू झाला. एका दुपारी आमच्यातल्या एकाने सहज घरी फोन केला. अम्मीने उचलला, मागे समालोचकाचा आवाज येत होता. “नंतर कर,” ती म्हणाली, “सातवा डाव चालू आहे.”